टाकीच्या सावलीतल्या कुंड्या

दवाखान्यातून यांना घरी आणलं तेव्हा एप्रिल अर्धा सरला होता. लकव्याने उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. बोलणंही गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यांना ऐकू येतं, सगळं समजतं, फक्त तोंडापर्यंत शब्द येत नाही. एकच शब्द शाबूत राहिला होता, ‘नाई’. भूक लागली तरी नाई, कूस बदलायची असली तरी नाई. मी शाळेतून आले की चेहरा उजळायचा आणि तोंडातून निघायचं नाईच.

ऑटोतून उतरवून, शेजाऱ्यांचा हात घेऊन पलंगावर निजवलं, तशी त्यांनी मान वळवली ती खिडकीकडे. तिथे त्यांची झाडं होती.

बोरगाव मेघेतलं आमचं घर लहान आहे. समोर व्हरांडा, मग ही पुढची खोली, मागे स्वयंपाकघर आणि बाहेरच्या अंगाने स्लॅबवर जाणारा जिना. खिडकीचा कठडा, त्याखालचं लोखंडी रॅक, व्हरांड्याची कड, सगळीकडे कुंड्या. फुलझाड एक नाही. सगळी जाड पानांची, पोटात पाणी धरून बसणारी. काही काटेरी, काही नुसती गुबगुबीत. हे वीज खात्यात लाइनमन होते. जिल्हाभर तारा जोडत फिरायचे. काम झाल्यावर कुणी चहा विचारला तर म्हणायचे, “चहा राहू द्या, त्या झाडाचं एक पान द्या.” शर्टाच्या खिशात पान घेऊन घरी यायचे. ते मुरमावर नुसतं टेकवून ठेवायचे, आणि महिन्याभराने त्याच्या बुडाशी मुगाएवढी पिल्लं दिसली की मला हाक मारायचे. मी हातातलं काम टाकून कधी गेले नाही. खरं सांगायचं तर मला ती झाडं आवडायची नाहीत. वास नाही, सावली नाही, देवाला वाहायला फूल नाही. पोछा मारताना हाताला काटे लागायचे, एवढंच.

आता ती माझ्या गळ्यात पडली होती. मी एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. रजा संपल्या होत्या, आणि उन्हाळ्यात दाखले, प्रवेश यांची गर्दी असते, म्हणून अर्धा दिवस तरी जावंच लागायचं. मुलगी पुण्याला, तिचे दिवस भरत आलेले. तिला कसं बोलावणार? पहाटे उठून यांचं तोंड धुवायचं, अंग पुसायचं, चार पायांची काठी हाती देऊन आधाराने बाथरूमपर्यंत चालवायचं, चमच्याने पाणी पाजायचं. पेल्याने पाणी द्यायचं नाही, ठसका लागून छातीत जाईल, अशी दवाखान्यातून ताकीद होती. मी शाळेत असेपर्यंत शेजारची म्हातारी येऊन बसायची. आमचं घर तेव्हा असं चाललं होतं की एखादं भांडं पडलं तरी मी पलंगाकडे धावायची.

एप्रिलच्या शेवटी ऊन सहन होईना, तेव्हा कूलर लावला. आमचा कूलर खिडकीत बसतो. खिडकीतल्या कुंड्या मी उचलून रॅकवर दाटीने कोंबल्या. दिवसभर ती ओली हवा त्यांच्या अंगावर. वर मी रोज पाणी घालायची. एवढ्या उन्हाळ्यात झाडाला पाणी नको का? मी तांब्या घेऊन उभी राहिले की पलंगावरून आवाज यायचा.

“नाई.”

“हो हो, घालते.”

“नाई. नाई.”

“अहो, घालतेच आहे ना.”

आठवड्याभरात पानं काचेसारखी आरपार दिसायला लागली. बोट लावलं की गळून पडायची. एका जाड खोडाचं झाड होतं, हे त्याला जेड म्हणायचे. त्याच्या बुडाशी काळं पडलं आणि कुजका वास सुटला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना सगळं समजतं. तरी तोपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं की ती नाई खरोखरच नाही म्हणून होती.

सडलेल्या कुंड्या मी हे झोपलेले बघून मागच्या दाराने बाहेर नेऊन रिकाम्या केल्या. तीन गेल्या. चौथी उचलताना मागे पाहिलं, तर यांचे डोळे उघडे होते.

मे लागला आणि नणंद आली. यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. गिरडजवळच्या एका खेड्यात तिची शेती आहे, आणि नवरा गेल्यापासून ती एकटीच्या हिमतीवर करते. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा यांना हिनेच कडेवर घेऊन वाढवलं. तिने पिशवी खाली ठेवली, भावाच्या उशाशी बसली, कपाळावरून हात फिरवला. रडली नाही. मग तिची नजर रॅकवर गेली.

स्वयंपाकघरात आल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, “इतके काटे घरात? बिमार मानसाच्या उशाशी?”

“त्यांना आवडतात, ताई.”

“आवडते म्हनून काय झालं? काट्याचं झाड घरात ठेवू नाई. घरचा मानूस जाग्यावर बसते म्हनतेत आमच्याकडे. बसला का नाई?”

मी भाकरी थापत होते.

“मी फेकून नाई देत,” ती म्हणाली. “वर स्लॅबवर ठेवू. झाड हाय, उन्हात राह्यते. माह्या धुऱ्याले शेर लावला हाय, त्याले कोन सावली करते?”

शेर म्हणजे शेताच्या बांधाला कुंपण म्हणून लावतात ते बिनपानाचं, चिकाचं झाड. ते उन्हातच वाढतं, हे खरं. पण घरातली कुंडी यांनी कधी एकदम उन्हात नेली नव्हती. आधी आठ दिवस सकाळचं कोवळं ऊन दाखवायचे, मग नऊ-दहापर्यंतचं, मग स्लॅबवरच्या हिरव्या जाळीखाली. हिवाळ्यात परत उतरवायचे तेही तसंच, पायरी पायरीने. वीस वर्षं मी हे बघत आले होते. आणि त्या वर्षी जाळी अजून बांधलेलीच नव्हती, कारण बांधणारा पलंगावर होता. हे सगळं मला सांगता आलं असतं.

मी म्हणाले, “न्या, ताई. मीच म्हणणार होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे झोपेत असताना आम्ही दोघींनी कुंड्या वर नेल्या. तिने घमेल्यात भरून, मी दोन दोन हातात धरून. शेवटची ठेवली तेव्हा मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं अजून आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते.

यांना जाग आली. रिकामं रॅक दिसलं. नजर रॅकवरून माझ्यावर आली.

नणंद पुढे झाली. “म्या नेल्या वर. तुह्या बायकोले काई म्हनू नोको. ते नाईच म्हनत होती.”

मी दारात उभी होते. मी म्हणायला हवं होतं की असं नाही. मी पदराला हात पुसत स्वयंपाकघरात गेले.

त्या दुपारपासून यांनी तोंड मिटलं. वरणभात कुस्करून चमचा ओठाशी नेला की ओठ घट्ट. जोर केला तर डाव्या हाताने चमचा दूर करायचे. नणंदेचा हात तर ते अंगाला लागू देईनात. तिने पाय चेपायला घेतला की चांगला पाय ओढून घ्यायचे. मग ती स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडत बसायची. पाणी तेवढं माझ्या हातून, तेही मोजकं. रक्तदाबाची गोळी गुळात दाबून दिली, ती थुंकली. मी फोनवर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नळी टाकावी लागेल.

“झाडं चांगली आहेत,” मी यांना सांगत राहिले. “वर सावलीत ठेवलीत. रोज बघते.”

मी एकदाही वर गेले नव्हते.

चौथ्या दिवशी शाळेत काम वाढलं आणि निघायला दीड वाजला. स्कूटीचं सीट तापलेलं, दुपट्ट्यातून झळ आत येत होती. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. आत कूलर घरघरत होता आणि त्याच्यासमोर चटईवर नणंद गाढ झोपली होती. पलंग रिकामा होता.

आधी मी बाथरूम पाहिलं. मग स्वयंपाकघर. मग पलंगाखाली वाकून पाहिलं. का पाहिलं, माहीत नाही. नणंद उठून बसली.

“काय झालं?”

“हे कुठे आहेत?”

तिने पलंगाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “आता त होता. आता माह्या डोया लागला.”

यांची चार पायांची काठी जिन्याच्या पहिल्या पायरीशी आडवी पडली होती.

आमच्या जिन्याला एकाच बाजूला लोखंडी कठडा आहे. चढताना तो डाव्या हाताला येतो. डाव्या हाताने कठडा धरून, चांगला पाय वर टाकून, लुळा पाय मागून ओढत माणूस वर जाऊ शकतो. पण उतरताना तोच कठडा उजव्या हाताला येतो, आणि उजव्या हातात जीव नव्हता. पायऱ्या चढताना मला हे सुचत गेलं. वर काय दिसेल, याच्या पुढे मन जाईना.

स्लॅब पांढरा दिसत होता, डोळे उघडवत नव्हते. यांनी चपला घातल्या नव्हत्या. पाण्याच्या टाकीची हातभर सावली पडली होती, तिच्या कडेला हे बसले होते, पाय उन्हात पसरून. आणि टाकीच्या सावलीत त्यांच्याभोवती कुंड्या होत्या. सगळ्या नाही, अकरा. मी नंतर मोजल्या. बसल्या बसल्या सरकत जाऊन, एका हाताने एकेक कुंडी फरशीवरून ओढत त्यांनी सावलीत आणली होती. बाराव्या कुंडीवर डावा हात तसाच ठेवलेला होता आणि मान खाली गेली होती.

“अहो.”

त्यांनी मान उचलली. चेहरा लालबुंद, ओठांना कोरड, आणि कपाळावर घामाचा थेंब नाही. मला त्याचीच भीती वाटली. आमच्या भागात ऊन लागून माणसं जातात, आणि जाण्याआधी घाम थांबतो, हे इथे सगळ्यांना माहीत असतं.

नणंद मागून आली. तिने काही न विचारता डोक्यावरचा पदर सोडला, टाकीच्या नळाखाली धरला. पाणी चटका बसेल इतकं गरम आलं. तिने ते वाहू दिलं, जरा कोमट झाल्यावर लुगड्याचा पदर भिजवून यांच्या डोक्यावर आणि मानेवर धरला. मी पाणी पाजायला ओंजळ पुढे केली आणि थांबले. चमचा नव्हता. ओंजळीने पाजलं आणि ठसका लागला तर? नाही पाजलं तर? मी भिजवलेलं बोट त्यांच्या ओठांवर फिरवत राहिले.

“खाली न्याले पाह्यजे,” नणंद म्हणाली. “मी पाय धरतो, तू डोकं धर.”

“आपल्याच्याने होणार नाही, ताई. जिन्यात पडलो तर तिघंही जाऊ.”

मी कठड्यावरून शेजाऱ्यांना हाक मारली. शेजारचे भाऊ एसटीत ड्रायव्हर आहेत, त्या दिवशी सुट्टीवर होते. ते बनियनवरच धावत आले, वर पाहिलं आणि परत घरात जाऊन प्लॅस्टिकची हाताची खुर्ची घेऊन आले. यांना खुर्चीत बसवून माझ्या दुपट्ट्याने पोटाशी बांधलं. भाऊंनी खालून खुर्चीचे पुढचे पाय धरले, आम्ही दोघींनी पाठ. प्रत्येक पायरीला भाऊ म्हणायचे, “थांबा. आता.” चौदा पायऱ्या. मधल्या वळणावर खुर्चीचा एक पाय कठड्यात अडकला आणि सगळं वजन माझ्या मनगटावर आलं. हे माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

गल्लीतले डॉक्टर घरी आले. ओल्या चादरीत गुंडाळा म्हणाले, खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली टांगली, आणि संध्याकाळपर्यंत ताप उतरला नाही तर दवाखान्यात हलवू म्हणाले. आम्ही दोघी दोन्हीकडून चादर भिजवत राहिलो. पाच वाजता यांच्या मानेवर घाम आला. नणंदेने तो बोटाने पुसला, बोट माझ्यापुढे धरलं आणि मग पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

डाव्या तळहाताची कातडी सोलली होती, मांडीवर फोड आले होते. रात्री मी भाताची पेज घेऊन बसले. त्यांनी तोंड उघडलं. का, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नणंद वर गेली. मी मागे गेले. टाकीच्या सावलीतली झाडं बरीचशी तगली होती. उघड्यावरच्यांची पानं आधी पांढरी पडून मग तपकिरी झाली होती, भाजल्या वांग्याच्या सालासारखी. काही नुसती मऊ लगदा झालेली. ती कितीतरी वेळ उकिडवी बसून एकेक कुंडी फिरवून बघत होती. मग म्हणाली, “चाकू आन. आन् राख भेटन का कोनाकडे?”

राख कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या भट्टीतून आणली. तिने भाजलेल्या झाडांची जिवंत टोकं कापली. कापलेल्या जागी आत तपकिरी ठिपका दिसला की आणखी वर कापायची, आतून स्वच्छ हिरवं दिसेपर्यंत. मग त्या जागी राख लावून टोकं वर्तमानपत्रावर ओळीने मांडली आणि व्हरांड्यातल्या खाटेखाली सावलीत सरकवली.

“आता लावायची ना?” मी विचारलं.

“आता नाई. चार-पाच रोज सुकू दे. ओला घाव मातीत गेला का सडते. शेराचं असंच असते. तोडून धुऱ्यावर टाकून देतो आम्ही, घाव सुकला का मंग गाडतो.” तिने चाकू पुसला. “हे त्याच जातीचं निघालं. पयले पाह्यलं असतं त.”

पाचव्या दिवशी तिने मुरूम चाळला, रेती मिसळली, बुडाला विटांचे तुकडे घातले. कूलरपासून लांब, व्हरांड्यात यांना दारातून दिसेल असं रॅक मी ओढून घेतलं. कुंडी कुठे ठेवायची हे मी यांना विचारत होते. कुंडी धरून मी पुढे सरकायची, हे म्हणायचे, “नाई.” मागे, “नाई.” तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू यायला लागलं. एक नाई वर चढत जाणारी होती, ती नकाराची. एक खाली बसणारी होती, ती होकाराची. महिनाभर दोन्ही माझ्या कानावर पडत होत्या. पाण्याचंही तसंच शिकले. कुंडी उचलून त्यांच्या डाव्या हातात द्यायची. वजनाला हलकी लागली तर ते ठेवून घ्यायचे, जड लागली तर परत करायचे. परत केली की पाणी नाही. आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी नाही.

नणंदेच्या हातून मात्र ते काही घेत नव्हते. ती समोर आली की डोळे मिटायचे. तिने लावलेल्या कुंड्या ते बघायचे, तिला बघायचे नाहीत. ती पेरणीच्या तयारीसाठी परत निघाली, त्या दिवशी तिने त्यांच्या पायाला हात लावला. मोठी बहीण. त्यांनी पाय ओढला नाही, एवढंच.

मी तिला स्कूटीवर बसवून बसस्टँडवर नेलं. तिच्या गावाकडची, समुद्रपूरची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसल्यावर मी म्हणाले, “ताई, ते मीही म्हणाले होते. न्या म्हणून. मला माहीत होतं ऊन सोसणार नाही. मी सांगितलं नाही तुम्हाला. आणि तुम्ही सगळं अंगावर घेतलं, तेव्हाही गप्प राहिले.”

ती पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती.

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. “वर कुंडी ठेवताना तुह्यं तोंड पाह्यलं होतं म्या.”

“मग बोलला का नाहीत?”

“माह्यावर राग धरला त धरू दे. मी आज हाय, उद्या माह्या घरी. तुह्यावर धरला असता त त्यानं कोनाच्या हातचं खाल्लं असतं?”

गाडी लागली. ती गर्दीत शिरली, खिडकी मिळवली, आणि तिथून मला म्हणाली, “उन्हात उभी राहू नोको. जाय.”

घरी येऊन मी कूलर बंद केला, म्हणजे यांना नीट ऐकू येईल. पलंगाशी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. सडलेल्या कुंड्या मागच्या दाराने नेल्या तिथपासून, ‘मीच म्हणणार होते’ हे शब्दसुद्धा. सांगताना त्यांच्या पट्टी बांधलेल्या तळहाताकडे बघत होते. ते शेवटपर्यंत माझ्याकडे पाहत राहिले. मग भिंतीकडे कूस वळवली. ती वळवायला त्यांना बराच वेळ लागला, आणि मी मदत करायला हात पुढे केला नाही.

दोन दिवस घरात नुसता कूलरचा आवाज होता. जेवायचे, औषध घ्यायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघताना त्यांनी पलंगाच्या पट्टीवर हात आपटला. मी आत गेले. ते माझ्या पर्समधल्या फोनकडे बोट दाखवत होते. मुलीला लावला. त्यांनी मान हलवली, ती नाही. दुसऱ्या कुणाला? त्यांनी डावा हात कडेवर मूल घेतल्यासारखा धरला आणि दाखवला.

मी नणंदेला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. पलीकडे ती शेतात असावी, वाऱ्याचा आवाज येत होता. “कोन? बोलत काऊन नाई?” ती विचारत होती. यांच्या घशातून नुसता श्वास येत होता. मग ती गप्प झाली. दोघंही बोलत नव्हते आणि फोन चालू होता. मला शाळेत उशीर झाला. मी फोन धरून उभी राहिले.